न्यायमूर्ती पी. बी. सावंत : जे ठरवायचे ते सर्वांसमोर

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्या भागात सगळ्यांच्या कानावरून गेलेली आहे. बांधाची भांडणे, भावकीतली वाटणी, वहिवाटीचा रस्ता, सामाईक विहिरीतल्या पाण्याची पाळी, अशा कारणांनी घोडेगावच्या कोर्टात तारखांना जाणारी माणसे आपल्या प्रत्येक वाडीवर आहेत. त्यामुळे न्यायाधीश म्हटले की उंच खुर्ची, काळा झगा आणि ‘पुढची तारीख’ एवढेच आपल्याला आठवते. न्यायाधीश निवृत्त झाल्यावर काय करतो, असा प्रश्न सहसा मनात येत नाही.

पण मराठी माणसाच्या मनातला आदर्श न्यायाधीश कोण, असे विचारले तर उत्तर एकच येते : रामशास्त्री प्रभुणे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी चौकशी केली, खुद्द राघोबादादांना दोषी धरले आणि पद सोडून ते निघून गेले. गंमत अशी की त्यांनी आयुष्यभर दिलेले निवाडे आज फारसे कुणाला ठाऊक नाहीत. लोकांच्या लक्षात राहिले ते त्यांचे खुर्ची सोडणे. म्हणजे न्यायाधीशाची पारख खुर्ची गेल्यावर होते, ही समजूत आपल्याकडे अडीचशे वर्षे जुनी आहे.

स्मरणिकेत आपण आपल्या शाळेच्या, आपल्या माणसांविषयी लिहितो. न्यायमूर्ती परशुराम बाबाराम सावंत यांचे नाव आपल्या शाळेच्या पटावर नाही. तरीही या अंकात त्यांच्यावर लिहावेसे वाटले, कारण आपल्यापैकी बरेच जण आता निवृत्त झाले आहेत किंवा निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. सावंतसाहेबांच्या आयुष्याचा हिशेब मांडला तर एक गोष्ट चटकन दिसते. ते न्यायासनावर बावीस वर्षे होते, १९७३ ते १९९५. निवृत्तीनंतर जगले पंचवीस वर्षांहून अधिक. आणि त्या पंचवीस वर्षांत ते स्वस्थ बसले नाहीत.

त्यांचा जन्म ३० जून १९३० चा. १९५७ साली त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. १९७३ मध्ये ते त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे त्यांना पुरती सहा वर्षेही मिळाली नाहीत, पण त्या काळात त्यांनी दिलेले काही निर्णय तुमच्या-आमच्या जगण्याला थेट भिडतात. त्यांतले तीन पाहू.

पहिला १९९० चा. दिल्लीच्या परिवहन महामंडळाच्या नियमांत एक कलम होते : कायम कर्मचाऱ्यालाही एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार देऊन, कोणतेही कारण न सांगता कामावरून काढता येईल. आपल्या बॅचमध्ये एसटीत, साखर कारखान्यात, दूध संघात, पतसंस्थेत नोकरी केलेले कितीतरी जण आहेत. कारण न सांगता घरी पाठवण्याचा अधिकार साहेबाच्या हातात असला की नोकरी करणाऱ्याची मान कायमची खाली राहते, हे त्यांना समजावून सांगायला नको. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताने ते कलम रद्द ठरवले. सावंत त्या बहुमतात होते आणि त्यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहिले. माणूस कितीही चांगला असला तरी त्याच्या हाती मोकाट अधिकार देऊन नियम चालत नाही. अधिकार वापरायचा तर कारण दिले पाहिजे आणि समोरच्याचे ऐकून घेतले पाहिजे, हा त्या बहुमताचा गाभा.

दुसरा निर्णय ११ मार्च १९९४ चा. कायद्याच्या पुस्तकांत तो ‘बोम्मई खटला’ म्हणून ओळखला जातो. कर्नाटकात एस. आर. बोम्मई मुख्यमंत्री होते. एप्रिल १९८९ मध्ये एकोणीस आमदारांच्या सह्यांची पत्रे राज्यपालांकडे गेली : आमचा सरकारला पाठिंबा नाही. लगेच त्यांतल्या सात आमदारांनी उलटे कळवले की आमच्या सह्या फसवून घेतल्या, आम्ही सरकारच्याच बाजूचे आहोत. बोम्मई म्हणत होते, विधानसभा बोलवा, मी तिथे बहुमत सिद्ध करतो. राज्यपालांनी ऐकले नाही आणि २१ एप्रिल १९८९ रोजी राष्ट्रपती राजवट लागली.

आपल्या गावातल्या व्यवहाराशी हे ताडून पाहा. सरपंचावर अविश्वास आणायचा तर सदस्य तहसीलदारांना नोटीस देतात, तहसीलदार विशेष सभा बोलावतात आणि त्या सभेत मतदान होते. रात्री घरोघर फिरून गोळा केलेल्या सह्यांवर सरपंच जात नाही. जो न्याय ग्रामपंचायतीला, तो राज्याच्या सरकारला मात्र नव्हता! १९७७ मध्ये नऊ राज्यांची सरकारे अशी एका फटक्यात गेली, १९८० मध्ये पुन्हा नऊ. १७ फेब्रुवारी १९८० रोजी गेलेल्या त्या नऊ सरकारांत महाराष्ट्रातले शरद पवारांचे पुलोद सरकारही होते, हे आपल्या आधीच्या बॅचच्या मंडळींना चांगले आठवत असेल.

बोम्मई खटला नऊ न्यायमूर्तींसमोर चालला. सावंतांनी स्वतःसाठी आणि न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्यासाठी निकालपत्र लिहिले. त्या खटल्यातून जे निघाले ते थोडक्यात असे : राष्ट्रपती राजवटीचा हुकूम न्यायालय तपासू शकते. सरकारकडे बहुमत आहे की नाही, हे राजभवनातल्या बंद खोलीत ठरत नाही. त्याची जागा विधानसभेचे सभागृह. संसदेने मंजुरी देईपर्यंत विधानसभा बरखास्त करता येत नाही. आणि धर्मनिरपेक्षता हा राज्यघटनेच्या पायाचाच भाग आहे. याच शेवटच्या मुद्द्यामुळे डिसेंबर १९९२ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि हिमाचल प्रदेशातली सरकारे बरखास्त झाली होती ती न्यायालयाने वैध मानली, तर कर्नाटक, नागालँड व मेघालयातल्या बरखास्त्या घटनाबाह्य ठरवल्या. बोम्मईंना त्यांची खुर्ची परत मिळाली नाही, कारण मधल्या काळात निवडणूक होऊन गेली होती. पण त्यानंतर राज्य सरकारे घालवणे पूर्वीइतके सोपे राहिले नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबईत सरकार कुणाचे यावरून जो पेच पडला, तो आठवा. सर्वोच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबरला आदेश दिला : दुसऱ्याच दिवशी सभागृहात बहुमत सिद्ध करा, मतदान खुले घ्या, त्याचे थेट प्रक्षेपण करा. आपण सगळे त्या दिवशी टीव्हीसमोर बसून होतो. त्या आदेशाची मुळे १९९४ च्या या निकालात आहेत.

तिसरा निर्णय ऐकून वर्गातली क्रिकेटवेडी मंडळी खूश होतील. नोव्हेंबर १९९३ चा हीरो कप. ईडन गार्डन्सवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध उपांत्य सामना, शेवटच्या षटकात सहा धावा हव्या असताना चेंडू सचिनच्या हाती, आणि आपण दोन धावांनी जिंकलो. ज्या घरी टीव्ही होता तिथे ओसरीपर्यंत माणसे बसलेली असत. पण त्या स्पर्धेचे चित्रण कुणी करायचे आणि दाखवायचे कुणी, यावर पडद्यामागे मोठे भांडण चालू होते. बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क एका परदेशी कंपनीला दिले होते. दूरदर्शन आणि केंद्र सरकारचे म्हणणे असे की देशातून प्रक्षेपण करण्याचा अधिकार फक्त सरकारचा. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्यायमूर्ती सावंत, मोहन आणि जीवन रेड्डी यांच्या पीठाने निकाल दिला : आकाशातल्या प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती सरकारच्या मालकीची नाही आणि पैसेवाल्या कंपनीच्याही नाही. तिच्यावर स्वतंत्र, स्वायत्त संस्थेचे नियंत्रण हवे, कारण माहिती मिळवणे आणि देणे हा नागरिकाच्या भाषणस्वातंत्र्याचाच भाग आहे.

शेजारी जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना असलेली रेडिओ दुर्बीण आहे. दूरच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या लहरी टिपणाऱ्या त्या अजस्र छत्र्या आपण शाळेच्या सहलीत किंवा नारायणगावला जाता-येता पाहिल्या आहेत. आभाळातल्या लहरींवर गायरानासारखा सगळ्यांचा हक्क, ही कल्पना आपल्या भागातल्या माणसाला समजायला अवघड नाही.

याच काळात, नोव्हेंबर १९९२ मध्ये, मंडल आयोगाच्या खटल्यातही ते नऊ न्यायमूर्तींच्या पीठावर होते. इतर मागासवर्गीयांचे २७ टक्के आरक्षण ग्राह्य धरणाऱ्या बहुमतात त्यांचा समावेश होता.

गौरव करायचा म्हणून सगळेच गोड लिहू नये. फेब्रुवारी १९९२ मध्ये दिल्लीतल्या काही रोजंदारी कामगारांचा खटला त्यांच्यासमोर आला. ग्रामीण रोजगाराच्या योजनांमध्ये हे लोक बरीच वर्षे काम करत होते आणि त्यांना कायम व्हायचे होते. सावंतांनी नकार दिला. त्यांचा युक्तिवाद असा की, या योजना काम नसलेल्या हंगामात जास्तीत जास्त गरिबांना थोडी तरी मजुरी मिळावी म्हणून आहेत; कामावर असलेल्यांना कायम केले तर योजनेचा पैसा त्यांच्यावरच संपेल आणि बाहेर वाट पाहणाऱ्यांच्या हाती काहीच पडणार नाही. रोजगार हमीच्या कामावर गेलेल्या कुटुंबाला हा निकाल कठोर वाटेल, आणि तो आहेच. मार्च १९९५ मध्ये त्यांनी लिहिलेल्या आणखी एका निकालाने न्यायालयाचा अवमान केल्याबद्दल एका वकिलाची सनद तात्पुरती काढून घेतली. असा अधिकार न्यायालयाला नाही, तो वकिलांच्या परिषदेचा आहे, असे १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले. मोठ्या न्यायाधीशाचाही निकाल फिरतो. तोही उघडपणे, कारणे देऊन फिरवला जातो, ही त्या व्यवस्थेची चांगली बाजू.

जून १९९५ मध्ये ते निवृत्त झाले. इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. शिक्षक निवृत्त झाला तर शिकवण्या घेऊ शकतो, डॉक्टर दवाखाना चालवू शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीला मात्र राज्यघटनेच्या १२४ व्या कलमानुसार देशातल्या कोणत्याही न्यायालयात पुन्हा वकिली करता येत नाही. कालपर्यंत ज्याच्या सहीने सरकारे हलत, त्याच्या शब्दामागे आता ना पोलीस ना बेलीफ. उरतो तो फक्त शब्द.

सावंतांच्या वाट्याला निवृत्तीनंतर आलेले पहिले मोठे काम याच जातीचे होते. १९९५ ते २००१ ते भारतीय वृत्तपत्र परिषदेचे अध्यक्ष होते. खोटी किंवा बदनामीकारक बातमी आली तर या परिषदेकडे तक्रार करता येते, तशीच पत्रकारावर दडपण आले तर त्यालाही करता येते. परिषद दोन्ही बाजू ऐकते. पण तिला दंड करता येत नाही, कुणाला तुरुंगात पाठवता येत नाही. वृत्तपत्राला ताकीद द्यायची, कानउघाडणी करायची किंवा ठपका ठेवायचा, एवढेच तिच्या हातात. कुणी म्हणेल, ही तर दात नसलेली संस्था. सावंतांच्या काळात तिने १९९६ मध्ये पत्रकारांसाठी आचारनियम तयार केले.

आणि त्याच वर्षी एक काम असे झाले की ज्याचा उपयोग आज आपल्या गावातला कुणीही माणूस दहा रुपयांत करू शकतो. राजस्थानातल्या खेड्यांत मजूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाया सुरू केल्या होत्या. रोजगाराच्या कामांचे हजेरीपट आणि बिले गावासमोर वाचून दाखवायची. मग कळायचे की जे कधी कामाला आलेच नाहीत त्यांच्या नावे मजुरी उचलली आहे आणि न झालेल्या बांधकामाचा खर्च पडला आहे. १९९६ मध्ये ब्यावर गावी या कागदपत्रांसाठी चाळीस दिवसांचे धरणे झाले. माहितीचा हक्क मिळवण्यासाठी देशपातळीवर मोहीम उभी राहिली, आणि न्यायमूर्ती सावंत अध्यक्ष असलेल्या वृत्तपत्र परिषदेने अशा कायद्याचा मसुदा तयार करण्याचे काम अंगावर घेतले. त्या मसुद्यातले एक सूत्र असे होते : जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारता येणार नाही.

मसुद्याचा कायदा व्हायला नऊ वर्षे गेली. मधल्या काळात काही राज्यांनी आपापले कायदे केले, महाराष्ट्राचाही २००२ मध्ये झाला. केंद्राचा माहिती अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला आणि संसदेला आणि नागरिकाला एकाच पायरीवर बसवणारे ते सूत्र त्यात आले. पाणीपुरवठा योजनेचे अंदाजपत्रक, रस्त्याच्या कामाचे मोजमाप पुस्तक, घरकुलांची यादी, पीक नुकसानीचा पंचनामा, हे कागद पूर्वी साहेबाच्या कपाटात असत. आज अर्ज करून तीस दिवसांत मागता येतात. या कायद्यासाठी झटलेली माणसे शेकड्यांनी आहेत, श्रेय एकट्या सावंतांचे नाही. पण कागद मागणाऱ्या मजुराच्या हाकेला कायद्याची भाषा द्यायला जी माणसे आधी पुढे आली, त्यांत हे निवृत्त न्यायमूर्ती होते.

यानंतरचे काम आपल्या शेजारचेच. जुन्नरला लागून असलेल्या पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांनी राज्याच्या चार मंत्र्यांवर भ्रष्टाचाराचे आरोप केले. मंत्र्यांच्या बाजूने हजारे यांच्या संस्थांवर प्रत्यारोप झाले. २००३ मध्ये राज्य सरकारने सावंत आयोग नेमला आणि २००५ मध्ये अहवाल आला. चारपैकी तीन मंत्र्यांवर आयोगाने ठपका ठेवला, एकाला निर्दोष ठरवले. आणि त्याच अहवालात हजारे यांच्याशी संबंधित न्यासाने त्यांच्या वाढदिवसाच्या कार्यक्रमावर केलेल्या खर्चालाही चूक म्हटले. राळेगणला मान देणाऱ्या आपल्या भागात ही गोष्ट अनेकांना रुचली नव्हती. पण तराजूचे एक पारडे मंत्र्यांसाठी आणि दुसरे समाजसेवकासाठी, असे सावंतांनी केले नाही.

२००२ मध्ये गुजरातच्या दंगलींनंतर न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या अध्यक्षतेखाली जो नागरिकांचा चौकशी गट गेला, त्यात मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होस्बेट सुरेश यांच्यासोबत सावंतही होते. त्या गटाला सरकारी अधिकार कोणताच नव्हता. साक्षी नोंदवायच्या आणि अहवाल लोकांपुढे ठेवायचा, एवढेच.

त्यांच्या अखेरच्या वर्षांतल्या भूमिकांवर मतभेद आहेत, आपल्या वर्गातही असतील. ३१ डिसेंबर २०१७ रोजी शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमा येथे हिंसाचार झाला आणि पुढे पोलिसांनी परिषदेचा संबंध बंदी असलेल्या संघटनेशी जोडला. तेव्हा सत्तरी-ऐंशी ओलांडलेली माणसे बहुधा गप्प बसतात. सावंत आणि निवृत्त न्यायमूर्ती बी. जी. कोळसे पाटील यांनी मात्र परिषदेचे आयोजक आम्ही आहोत आणि तिचा त्या संघटनेशी संबंध नाही, असे जाहीरपणे सांगितले. त्यांचे विचार पटोत वा न पटोत, त्यांनी आपले नाव झाकून ठेवले नाही.

१५ फेब्रुवारी २०२१ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय नव्वद.

या सगळ्या कामांतून एकच धागा ओवलेला दिसतो. नोकरीवरून काढायचे तर कारण सांगा. सरकार पाडायचे तर सभागृहात डोकी मोजा. आकाशातल्या लहरी सगळ्यांच्या आहेत. सरकारी कागद नागरिकाला दाखवा. आरोप करणारा आणि आरोप झालेला, दोघांचेही तपासा. जे ठरवायचे ते चावडीवर ठरवा, सर्वांच्या समोर. न्यायासनावर असताना त्यांनी हे हुकमाने केले, निवृत्तीनंतर शब्दाने केले. अधिकार गेला तरी काम तेच राहिले.

आपल्या वर्गात न्यायमूर्ती कुणी झाले नाही. पण शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, कंडक्टर, बँकेतले कारकून, परिचारिका, पोलीस, अभियंते झाले. सरकारी कागद कसा वाचायचा, कोणता कागद कुठे दडवला जातो, हिशेबात खाडाखोड कशी ओळखायची, हे आपल्याइतके कुणाला कळते? निवृत्त झालो म्हणून ते ज्ञान पेन्शनबरोबर बँकेत ठेवून भागणार नाही. वर्षातून किमान चार वेळा ग्रामसभा होते आणि बहुतेक वेळा ती कोरमअभावी तहकूब होते. आपल्यातल्या दहा-बारा जणांनी तिथे नेमाने जाऊन बसायचे आणि खर्चाचा कागद सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने वाचायला लावायचा, एवढे ठरवले तरी पुरे. माहितीचा अर्ज लिहायला अडलेल्या आजीला मदत करायची, हेही त्यातलेच. आपल्या गुरुजनांनी धड्याचा परिच्छेद उभे राहून, स्पष्ट आवाजात वाचायला शिकवले ते कुठेतरी वापरायलाच हवे. सरकारी कागदही तसाच वाचायचा असतो.